पुरुषांची अबोल तक्रार

हळदीला काय भाव फुटला, हे वसमतच्या बाजारातून परतलेला माणूस पारावर मोठ्याने सांगतो. गुडघा दुखतो हेही सांगतो. पण इंद्रियाला ताठरता येत नाही, ही गोष्ट तो डॉक्टरलाही सांगत नाही. मग भिंतीवरच्या ‘धातुदौर्बल्या’च्या जाहिराती त्याला जवळच्या वाटतात. या जाहिरातींनी किती घरांतले पैसे खाल्ले असतील, कोण जाणे!

हा लाजेचा पडदा जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. त्यात वाचकांच्या असल्या खाजगी प्रश्नांना ते सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर खटला भरला गेला. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, प्रश्न मात्र उरलेच.

आता शरीरात घडते काय ते पाहा. मेंदूकडून मज्जातंतूंवाटे निरोप येतो. नायट्रिक ऑक्साइड नावाचे द्रव्य सुटते, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त भरते आणि तिथेच कोंडून राहते. यात कुठेही अडले की ताठरता नाही. मधुमेह तर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडवतो. वाढलेला रक्तदाब, विडी-तंबाखू, दारू, रक्तदाबाची काही औषधे, कर्जाची काळजी, नवराबायकोतला अबोला, ही कारणेही आहेतच. पहाटे आपोआप ताठरता येत असेल, तर कारण बहुधा मनाचे समजावे.

खरी ध्यानात ठेवायची गोष्ट पुढेच आहे. इंद्रियाच्या रक्तवाहिनीची रुंदी एकदोन मिलिमीटर, हृदयाच्या रक्तवाहिनीची तीनचार. बारीक नळी आधी तुंबते. म्हणजे ही तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या दोनतीन वर्षे आधी आलेली नोटीस असते! चाळिशीनंतर ती आली, तर हकिमाकडे जाण्याआधी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात या तपासण्या होतात. तिथे बायको सोबत आली तर बरेच. निम्मी भीती तिथेच उतरते.

१९९८ पासून यावर सिल्डेनाफिलची गोळी मिळते, आणि ती पुष्कळांना लागूही पडते. पण छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली गोळी ठेवणाऱ्याने ती घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब एकदम खाली येतो आणि जिवावर बेतते. म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून नव्हे, डॉक्टरांना विचारूनच ती घ्या.