नावाला रंग दिला, काम सांगायचं राहिलं



जानेवारी २०२२मध्ये एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "माझा मुलगा तुमच्याकडे कामाला आहे का?"

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. माझ्याकडे कोण कामाला असणार? "काकू, नंबर चुकला बहुतेक," असं म्हणणार तेवढ्यात त्यांनी मुलाचं गेममधलं नाव सांगितलं. तो आमच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवरचा मॉडरेटर होता. दहावीत होता, बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. "तीन रात्री झोपला नाहीये. विचारलं तर म्हणतो, ड्यूटी आहे. पगार किती देता त्याला?" पगार नाही, म्हटल्यावर पुढचे प्रश्न आले. वेळ काय? काम काय? त्याचा साहेब कोण? मीही शिकतोच आहे हे कळल्यावर काकू 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या. "अरे, मग तूच सांग ना, तो रात्रभर नेमकं करतो काय?"

मला सांगता आलं नाही. आजचं माझं बोलणं त्या एका प्रश्नाबद्दल आहे.

ज्यांच्या घरात हा गेम नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माइनक्राफ्टमध्ये ठोकळ्यांचं जग असतं. त्यात खणायचं, बांधायचं, हिरे शोधायचे. कोणीही भाड्याने सर्व्हर घेऊन स्वतःचं जग चालवू शकतो आणि गप्पांसाठी डिस्कॉर्डवर जागा उघडू शकतो. आम्ही चार मित्रांनी २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तेच केलं. दीड वर्षात सभासद हजाराच्या आसपास गेले, आणि स्टाफ झाला चौदा जणांचा.

हे चौदा कसे निवडले? जो चॅटमध्ये जास्त दिसायचा, त्याला मॉड केलं. डिस्कॉर्डवर रोल दिला की नावाचा रंग बदलतो. मुलांना त्या हिरव्या नावाचं किती अप्रूप असतं, ते आईवडिलांना कळणार नाही. गणपतीच्या मंडळात जो जास्त राबतो तो पुढच्या वर्षी आपोआप कार्यकर्ता होतो, तसंच हे. पण मंडळात निदान खजिनदार कोण, ते पावतीवर छापलेलं असतं. आमच्याकडे तेवढंही नव्हतं.

आता त्या तीन रात्रींबद्दल. एक खेळाडू जमिनीखाली सरळ हिऱ्यांपर्यंत बोगदे काढत होता. इकडेतिकडे खणणं नाही, चुकणं नाही. याला एक्स-रे म्हणतात. गेममध्ये फेरफार करून दगडाआडचं बघायचं. आमच्या मुलाने कोअरप्रोटेक्टच्या नोंदी तपासल्या. कोणी, कधी, कुठला ठोकळा फोडला हे त्यात दिसतं. पुरावा पक्का होता. त्याने त्या खेळाडूला बॅन केलं. सकाळी बघतो तर बॅन उठलेला. पुन्हा तीच चोरी, पुन्हा बॅन, पुन्हा उठलेला. त्याला वाटलं, कोणीतरी आपलं अकाउंट हॅक केलंय, किंवा स्टाफमधलाच कोणी आपल्यावर उलटलाय. म्हणून तो रात्रभर जागून स्क्रीनशॉट जमवत बसला.

बॅन मी उठवत होतो. तो खेळाडू माझा कॉलेजचा मित्र होता. त्याने व्हॉट्सॲपवर "अरे बघ ना" लिहिलं, आणि मी अंथरुणातूनच फोनवर सर्व्हरचं पॅनल उघडून बॅन काढला. कन्सोलवरून काढल्यामुळे नोंदीत माझं नावही आलं नाही, नुसतं 'कन्सोल' असं आलं. मला ती दोन सेकंदांची गोष्ट वाटली होती. दुसऱ्या टोकाला एक पोरगा अभ्यास सोडून भूत शोधत होता.

फोननंतर मी चौदाही जणांना एकच गोष्ट सांगितली. तुझं काम काय, ते दोन ओळींत लिहून पाठव. चौदा वेगवेगळी उत्तरं आली. एकाने लिहिलं, "नवीन लोकांना मदत." एकाने लिहिलं, "शिस्त." एका मुलीने लिहिलं, "मुलं भांडली की मला टॅग करतात, म्हणून मी समजूत काढते. हे माझं काम आहे का, ते माहीत नाही." आणि एकाने लिहिलं होतं, "रात्री कोणी नसतं, म्हणून मी असतो." हे शेवटचं वाक्य वाचून मला शरम वाटली.

मग मी थोडं मागचं वाचायला लागलो. आपल्याला वाटतं हे डिस्कॉर्डच्या जमान्यातलं आहे. मुळीच नाही. १९९०मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी लॅम्डामू नावाचं ऑनलाइन जग सुरू केलं. चित्रं नाहीत, सगळं शब्दांत. तिथल्या चालकांना विझर्ड म्हणत. लोकांची भांडणं सोडवून ते कंटाळले आणि १९९२च्या डिसेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे आम्ही फक्त यंत्र चालवू, सामाजिक निर्णय तुमचे तुम्ही घ्या. ऐकायला छानच वाटतं. पुढच्याच वर्षी एका खेळाडूने भर दिवाणखान्यात दुसऱ्यांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केला. लोक संतापले, सभा झाली, तासन्‌तास चर्चा झाली, निर्णय मात्र कोणीच घेऊ शकलं नाही. कारण निर्णय कोणाचा, हेच ठरलेलं नव्हतं. शेवटी एका विझर्डने एकट्याने, आपल्या जबाबदारीवर, ते खातं पुसून टाकलं. मग कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. १९९६मध्ये विझर्डांनी कबूल केलं की नुसतं यंत्र चालवणं शक्य नाही, सामाजिक निर्णय आम्हाला घ्यावेच लागतात.

'हे आमचं काम नाही' असं म्हणायला हरकत नाही. पण मग ते कोणाचं, हे त्याच दमात सांगावं लागतं. नाहीतर जो जागा असतो, त्याच्या गळ्यात ते पडतं. आमच्याकडे जागा होता तो दहावीतला मुलगा.

दुसरी गोष्ट एओएलची. नव्वदीच्या दशकात त्यांच्या चॅटरूम हजारो स्वयंसेवक सांभाळत. मोबदला म्हणून इंटरनेट खातं फुकट किंवा स्वस्तात. हळूहळू त्यांना ठरलेल्या तासांच्या पाळ्या लागल्या, अहवाल भरावे लागले, प्रशिक्षण आलं. १९९९मध्ये दोन माजी स्वयंसेवकांनी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला की हे सगळं नोकरीसारखंच होतं, तेव्हा आम्हाला किमान वेतन द्या. प्रकरण २०१०मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटलं.

इथे मी बराच अडखळलो. मी उत्साहात एक तक्ताच बनवला होता. कोण किती वाजता, आठवड्याला किती तास, न आल्यास काय. मग लक्षात आलं, मी काकूंचं म्हणणं खरं करायला निघालोय. तो मुलगा खरंच 'कामाला' लागला असता, आणि तेही बिनपगारी. अपेक्षा स्पष्ट करायच्या म्हणजे अपेक्षा वाढवायच्या, असा आपला एक समज असतो. पगार नसलेल्या माणसाच्या बाबतीत स्पष्ट करायचं ते हे, की त्याच्याकडून कशाची अपेक्षा नाही.

तो तक्ता फाडला. नवा कागद केला, तो दोन पानांचा आहे. सगळा वाचून दाखवत नाही, कंटाळाल. वादाच्या जागा तेवढ्या सांगतो.

पहिली झाडाझडती अधिकारांची झाली. डिस्कॉर्डवर 'ॲडमिनिस्ट्रेटर' ही एक परवानगी दिली की त्या माणसाला कुठलंच चॅनल बंद राहत नाही. ती आमच्याकडे नऊ जणांना होती! गेममध्ये सात जणांना 'ऑप' दिलेलं, तेही चौथ्या पातळीचं, म्हणजे त्यांच्यातला कोणीही आख्खा सर्व्हर बंद करू शकला असता. कोणी वाईट नव्हतं, आम्हीच आळशी होतो. आता हेल्परला फक्त उत्तरं देता येतात. मॉडला टाइमआउट देता येतो. डिस्कॉर्ड तो २८ दिवसांपर्यंत देऊ देतं, आम्ही एका दिवसावर थांबवलाय. कायमचा बॅन करायला दोघांची संमती लागते, आणि अपील आलं तर बॅन करणारा ते ऐकत नाही, तिसरा ऐकतो. प्रत्येक कारवाईचं कारण आम्ही आमच्याकडे लिहून ठेवतो, कारण डिस्कॉर्डची स्वतःची नोंद ४५ दिवसांनी पुसली जाते आणि भांडणं त्याहून जास्त जगतात.

स्टाफ स्वतःही खेळतो, ही दुसरी अडचण. ईव्ह ऑनलाइन या गेममध्ये २००७ साली उघड झालं की कंपनीच्याच एका डेव्हलपरने आपल्या गटाला दुर्मीळ ब्लूप्रिंट मिळवून दिल्या होत्या. खेळाडूंचा विश्वासच उडाला. कंपनीला अंतर्गत चौकशीचा विभाग काढावा लागला, आणि २००८पासून खेळाडूंनी निवडून दिलेली परिषद आली. आमचा पसारा त्यापुढे कस्पटाएवढा. पण क्रिएटिव्ह मोड हातात असलेल्या बांधकामवाल्याला मित्राच्या पेटीत चार हिरे टाकायचा मोह होतोच. म्हणून त्याला दोन खाती दिली, एक कामाचं आणि एक खेळायचं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो वयावर. अठराच्या आतल्यांना मॉड करायचंच नाही, असं माझं मत होतं. मुलांनी ते हाणून पाडलं, आणि त्यांचं बरोबर होतं; सर्व्हर त्यांचाच तर होता. मग ठरलं की अठराच्या आतल्या मॉडला रात्री दहानंतर स्टाफ चॅनल दिसणारच नाही. तशी सेटिंगच केली, त्याच्या संयमावर सोडलं नाही. अश्लील मजकुराच्या, कोणी लहान मुलाला एकटं गाठून बोलतोय अशा तक्रारी त्याच्याकडे जात नाहीत, दोन सज्ञान माणसांकडे जातात. आणि कोणी "मला जगायचं नाही" असं लिहिलं, तर मॉडने रात्रभर समजूत काढत बसायचं नाही. टेलिमानसचा १४४१६, मुलांसाठी १०९८ हे नंबर द्यायचे, त्या दोघांपैकी एकाला फोन लावून उठवायचं, आणि तिथे त्याचं काम संपतं. रँक घ्यायच्या नादात कोणाचे यूपीआयवरून पैसे गेले, तर १९३०. मॉड म्हणजे ना समुपदेशक ना पोलीस, हे कागदावर असं स्पष्ट लिहिल्यावर समजूत काढणाऱ्या त्या मुलीने मला एवढंच पाठवलं, "बरं वाटलं."

भाषेचं कलम मात्र मला सुचलं नव्हतं, ते बेळगावच्या एका मॉडने घालायला लावलं. आमच्याकडे इंदूरचे आहेत, बडोद्याचे आहेत, हैदराबादचे तर भरपूर. चॅटमध्ये कधी मराठी, कधी हिंदी, कधी तेलुगू. एकाने तेलुगूत विनोद केला, मॉडला वाटलं शिवी आहे, दिला टाइमआउट. आता कलम असं आहे: कळलं नाही म्हणून कारवाई करायची नाही, ज्याला भाषा येते त्याला विचारायचं. आणि कोणालाच येत नसेल तर थांबायचं.

रजेचंही असंच. मॉडने फक्त 'नाहीये' एवढं लिहायचं, कारण द्यायचं नाही. सोडून जायचं असेल तर एका ओळीत कळवायचं. नावाचा रंग राहतो, अधिकार जातात. हे आधी असतं तर परीक्षेच्या तोंडावर कितीतरी मुलं सुखाने बाजूला झाली असती. ती 'सर्व्हर आपल्यामुळे बंद पडेल' या धास्तीने टिकून होती.

कागदाचं शेवटचं पान मालकांवर आहे, म्हणजे आम्हा चौघांवर. स्टाफच्या निरोपाला दोन दिवसांत उत्तर द्यायचं. स्टाफचा निर्णय चुकला असेल तर त्याला आधी खासगीत सांगायचं, मग बदलायचा. कन्सोलवरून गुपचूप काही करायचं नाही. हे पान मी शेवटी लिहिलं, कारण लिहायला जिवावर आलं होतं. जगभरच्या सर्व्हरांचे स्टाफचे नियम मी पाहिले. मॉडने काय करावं याची पानंच्या पानं सापडतात, मालकाने काय करू नये याबद्दल ओळही सापडणं कठीण.

त्या मुलाला मी झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दादा, एकदा लिहिलं असतं तरी चाललं असतं." मित्राचा बॅन परत लागला. मित्र महिनाभर बोलला नाही.

मग काकूंना फोन केला. त्याचं काम काय, वेळ कुठपर्यंत, साहेब कोण, सगळं सांगितलं. परीक्षा होईपर्यंत तो रजेवर आहे, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तुझं चुकलं तर? तुझ्यावर कोण?"

त्या दिवशी कागदात त्याचं उत्तर नव्हतं. आता एक कलम आहे: मालकाविरुद्धची तक्रार स्टाफमधले तीन जण ऐकतील, आणि तोवर त्या मालकाला पॅनलचा पासवर्ड मिळणार नाही. गेल्या वर्षी ते एकदा वापरलं गेलं, माझ्याविरुद्धच. अकरा दिवस मी माझ्याच सर्व्हरवर साध्या खेळाडूसारखा हिरे खणत होतो.