पट्टी आखूडच हवी

ब्लाउज झकास शिवणाऱ्या बायकाही टी-शर्टचा गळा म्हटला की हात आखडता घेतात. शिवलाच, तर तो पसरतो, काठाला लाटा येतात आणि बोल मशीनला लागतो. मला विचाराल तर मशीन बिचारं निर्दोष असतं. ब्लाउज शिवून हाताला लागलेल्या सवयी इथं आड येतात.

ब्लाउजचा गळा आपण कापून, मायेला कातरे देऊन, पट्टी आत उलटवून बसवतो. तिथं पट्टी गळ्याच्या मापाची. होजिअरीत मात्र पट्टी गळ्याहून आखूड घ्यायची. ताणून लावली की ती मागं ओढून धरते, म्हणून गळा अंगालगत बसतो.

आधी कापड धुवा, सुती होजिअरी आटते. खांदे जोडा आणि गळा शिलाईच्या रेषेवर मोजा. कापलेल्या काठावर मोजलात तर माप कमी भरेल. समजा, २० इंच आलं. मग पट्टी १७ इंच, शिवाय दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे १८. रुंदी सव्वादोन इंच, कारण ती दुमडायची आहे. रिब जास्त ताणते, तिला आणखी आखूड चालतं. होजिअरी आडवी जास्त ताणते, म्हणून पट्टी आडवीच कापा. उरेब पट्टी इथं नको. टोकं जोडलीत की ती डोक्यावरून उतरते का ते बघाच. मोठ्या माणसाचं डोकं साधारण २२ इंच असतं.

आता पट्टीचे चार सारखे भाग करून टाचण्या लावा, गळ्याचेही तसेच. इथं हमखास फसगत होते. पुढचा गळा खोल असतो, त्यामुळे गळ्याचे चौथे भाग खांद्याच्या शिवणीवर येत नाहीत, थोडे पुढं सरकतात. शिवताना पट्टी वर, शर्ट खाली, आणि ताण फक्त पट्टीला. शर्ट ओढलात की लाटा आल्याच. उलट गळ्याभोवती चुण्या पडल्या, तर पट्टी फारच आखूड झाली असं समजा.

सुई बॉलपॉइंट घ्या. तिचं टोक बोथट असतं, ती धागा न तोडता फटीतून जाते. साध्या सुईनं शिवलेल्या गळ्यालगत धुतल्यावर बारीक भोकं दिसतात. टीप अरुंद झिगझॅग ठेवा. सरळ टीप ताणत नाही. शर्ट डोक्यातून काढताना कट् असा आवाज येतो ना, तो तिचाच. शेवटी वाफेची इस्त्री. ती घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची.

ज्यांच्याकडे पायानं चालणारं जुनं काळं मशीन आहे, त्यांना झिगझॅग मिळणार नाही. त्यांनी पॉलिस्टरचा दोरा घ्यावा, टाका बारीक करावा, वरचा स्क्रू फिरवून दाब सैल करावा आणि टीप मारताना कापड अगदी किंचित ताणावं. रुंद गळ्याला एवढं पुरतं. अंगाबरोबर बसणारा गोल गळा मात्र त्या मशीनवर शिवू नये. तो ओव्हरलॉकवाल्याकडे द्यावा.