यंत्राचे भय आणि संमोहनोपचार

(राजोडी येथे विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी मी आपणासमोर जमाखर्च मांडतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने आकड्यांशी माझे सख्य जुने आहे. यंदाचे आकडे अहवालात छापले आहेत. ते आपण सवडीने वाचावेत. आज मात्र कोणत्याही ताळेबंदात न दिसणाऱ्या, तरीही ज्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते अशा एका गोष्टीविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. ती गोष्ट म्हणजे यंत्राचे भय.

आपल्याकडे अर्नाळा, कळंब, आगाशी, निर्मळ अशा गावांतून रुग्ण येतात. त्यांत वाडीतली भाजी आणि फुले बाजारात नेऊन आयुष्यभर तोंडी हिशेब केलेल्या स्त्रिया असतात. पैचीही चूक न करणारी अशी एखादी बाई नोंदणीच्या खिडकीशी येते. आतून आवाज येतो, “मावशी, मोबाईलवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.” त्या क्षणी तिचा चेहरा उतरतो. ती मोबाईल पदराखाली धरते आणि म्हणते, “माझ्या नातवाला येऊ दे.” तिला आकडा वाचता येत नाही असे नव्हे. मागे रांग उभी आहे, आणि आपण चुकलो तर चारचौघांत हसे होईल, ही धास्ती तिला असते.

आज रुग्णालयाची पायरी चढल्यावर किती पडदे ओलांडावे लागतात, याचा विचार करावा. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला संगणकावरून काढावा लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची पूर्वमंजुरी ऑनलाइन मिळते. तपासणीचे अहवाल मोबाईलवर येतात. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. हक्क कागदावर आहे. पण त्याच्यापर्यंत जाणारी वाट आता पडद्यातून जाते. ज्याला पडद्याचे भय, त्याचा हक्क अर्ध्या वाटेवर अडतो.

हे भय केवळ अडाणी माणसालाच वाटते, असा समज कृपया करून घेऊ नये. अमेरिकेतील मानसतज्ज्ञ क्रेग ब्रॉड यांनी १९८४ साली ‘टेक्नोस्ट्रेस’ या नावाचे पुस्तक लिहिले. संगणकासमोर बसणाऱ्या सुशिक्षित नोकरदारांच्या मनावरील ताण हा त्याचा विषय होता. त्याच वर्षी आपल्या देशात डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला, आणि पुढची कित्येक वर्षे बँकांतील कर्मचारी ‘आपले काय होणार’ या चिंतेत होते. आणि हे भय तुमच्यासमोर उभ्या असलेल्या या माणसालाही होते.

ती हकिगत सांगताना संकोच वाटतो. परंतु ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही. मी तरुणपणी एका रुग्णालयाच्या हिशेब विभागात होतो. खातेवही आणि रोजकीर्द हे माझे जग. पुढे तेथे संगणक आला. एका दुपारी भारनियमनात वीज गेली आणि सकाळपासून केलेल्या नोंदी नाहीशा झाल्या. रुग्णांची रांग समोर असताना वरिष्ठांनी मला मोठ्या आवाजात विचारले, “तुम्हाला एवढेही जमत नाही?” शब्द एवढेच होते. परंतु त्या दिवसापासून संगणकासमोर बसलो की तळहातांना घाम येई, छाती धडधडे आणि समोरची अक्षरे दिसेनाशी होत. मी युक्तीने दिवस काढले. कामाची आखणी मी करीत असे, कळा दुसऱ्याने दाबाव्यात. राज्यात एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले होते. मी इतरांना तेथे पाठविले, स्वतः गेलो नाही. अशा रीतीने मी पदोन्नतीही मिळविली.

एके सायंकाळी संगणकावर काम करणारा सहकारी रजेवर होता. पाय मोडलेल्या एका रुग्णाची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी ठरली होती. शासकीय साहाय्यासाठी त्याची कागदपत्रे त्याच सायंकाळी पाठविणे आवश्यक होते. पत्नी कागद घेऊन माझ्या मेजासमोर उभी होती. मी संगणक सुरू केला, पडद्यावर तांबड्या अक्षरांत काहीतरी सूचना आली आणि माझा हात गारठला. मी म्हणालो, “बाई, यंत्रणा बंद आहे, उद्या या.” यंत्रणा बंद नव्हती, बंद पडलो होतो मी. शस्त्रक्रिया लांबेल या काळजीने त्या बाईने रात्रीतून गळ्यातले गहाण ठेवले आणि सकाळी रोख रक्कम भरली. हे मला दोन दिवसांनी कळले.

त्यानंतर मी एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी इतर तपासण्या करून, झोप, रक्तदाब, घरची परिस्थिती सारे विचारून, औषधाची गरज नसल्याचे सांगितले आणि संमोहनोपचाराचा मार्ग सुचविला. मी दचकलो. संमोहन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जत्रेतला किंवा रंगमंचावरचा प्रयोग येतो: कुणीतरी टाळी वाजवतो, माणसे झोपतात, लिंबू समजून कांदा खातात आणि प्रेक्षक हसतात. कित्येकांना तर ते वशीकरणच वाटते. म्हणून या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगणे उचित होईल.

अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मर नावाचा वैद्य शरीरातील एका अदृश्य चुंबकीय प्रवाहाने रोग बरे करतो, असा दावा करीत असे. फ्रान्सच्या राजाने १७८४ मध्ये चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए तिचे सदस्य होते. असा कोणताही प्रवाह नाही, जो परिणाम दिसतो तो कल्पनाशक्तीचा, असा निष्कर्ष समितीने काढला. चुंबक खोटा ठरला. पण कल्पनेचा शरीरावर परिणाम होतो हे त्याच निष्कर्षात मान्य झाले होते. पुढे १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे कंपनी सरकारचे शल्यविशारद जेम्स एस्डेल यांनी या पद्धतीने रुग्णांना शांत करून शस्त्रक्रिया केल्या. तेव्हा ईथर किंवा क्लोरोफॉर्मने भूल देण्याची पद्धत वैद्यकात रूढ झालेली नव्हती. त्याच दशकात मँचेस्टरचे शल्यविशारद जेम्स ब्रेड यांनी चुंबकाची भाषा सोडून ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्ये आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५८ मध्ये या पद्धतीच्या वैद्यकीय उपयोगास मान्यता दिली.

आता प्रत्यक्ष काय घडते ते सांगतो. मी एका साध्या खुर्चीवर बसलो. डॉक्टरांनी भिंतीवरच्या एका खुणेकडे पाहायला सांगितले आणि श्वासाकडे लक्ष देण्यास सांगितले. पापण्या जड झाल्या, मिटल्या. मी झोपलो नव्हतो. रस्त्यावरच्या रिक्षाचा भोंगा मला ऐकू येत होता, पण तो दूरचा वाटत होता. तुम्हाला निवांत वाटते अशी जागा मनात आणा, असे ते म्हणाले. मला राजोडीचा किनारा आठवला: सुरूची झाडे, ओहोटीची ओली वाळू, संध्याकाळचा वारा. ती निवांतता अंगात भिनल्यावर त्यांनी मला पायरीपायरीने पुढे नेले. प्रथम बंद संगणक मनात पाहा. मग सुरू झालेला. मग एक कळ दाबा. मग चुकीची कळ दाबा. शेवटी ती तांबडी सूचना पाहा. श्वास तसाच संथ ठेवा. जेथे छाती धडधडू लागे तेथे आम्ही थांबत असू आणि पुन्हा सुरूच्या झाडांखाली येत असू.

अशा सहा बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीनंतर गृहपाठ असे: रोज पंधरा मिनिटे खऱ्या संगणकावर बसायचे आणि खोट्या नावांच्या नोंदी करायच्या, मुद्दाम चुकायचे, चूक दुरुस्त करायची. कार्यालयातील माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेली एक मुलगी मला शिकवीत असे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “सर, सुरुवातीला मीही पूर्ण दिवसाची नोंद पुसून टाकली होती.” ते वाक्यही माझ्यासाठी औषधच ठरले. संमोहनाने मला संगणक शिकविला नाही. तो त्या मुलीने शिकविला. संमोहनाने शिकण्याइतके माझे मन स्थिर केले, एवढेच. पण त्यावाचून माझे पाऊल पुढे पडले नसते.

या उपचाराच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. वेदना आणि शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता यांबाबत संमोहनाचा बराच अभ्यास झाला आहे. यंत्रभयाबाबत तसा व तेवढा झालेला नाही. अकारण भीतीवर सर्वाधिक खात्रीचा उपाय आजही तोच, भीतीच्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे; संमोहन हे त्याला साहाय्यक. विसरलेल्या आठवणी संमोहनात बाहेर काढता येतात यावर विसंबू नये. अशा आठवणी खोट्याही निघतात. तीव्र मानसिक आजारात हा प्रयोग तज्ज्ञाच्या निर्णयाशिवाय करू नये. जाहिरात पाहून कोणाही ‘संमोहनतज्ज्ञा’कडे न जाता मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ यांचाच सल्ला घ्यावा. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे.

आणखी एक गोष्ट. सगळेच भय घालवायचे नसते. मोबाईल पदराखाली धरणाऱ्या त्या मावशींचे अर्धे भय हे शहाणपण आहे. ओटीपी विचारून, पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धांना लुबाडणारे आज पुष्कळ आहेत. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. हात थरथरणे थांबावे, पण सावधपणा राहावा, इतका तोल उपचाराने सांभाळलाच पाहिजे.

आता आपल्या रुग्णालयाविषयी. भय रुग्णाच्या मनात असले तरी ते वाढविण्याचे काम पुष्कळदा आमची खिडकी करते. म्हणून आम्ही काही नियम केले आहेत. रुग्णाला ओटीपी मोठ्याने सांगायला लावायचा नाही. तो कशासाठी आहे हे आधी समजावयाचे. कागदी पावती मागणाऱ्याला ती द्यायचीच. ‘यंत्रणा बंद आहे’ हे वाक्य खरे असेल तेव्हाच उच्चारायचे. आणि कर्मचाऱ्याची चूक रुग्णांसमोर कोणीही, विशेषतः मी, मोठ्या आवाजात काढायची नाही.

विश्वस्त मंडळापुढे माझी विनंती तीन गोष्टींची आहे. एक शांत खोली आणि आठवड्यातून एक दिवस येणारे मानसशास्त्रज्ञ, जे वाडवळी किंवा सामवेदी बोलणाऱ्या रुग्णाशी त्याच्या घरच्या बोलीत बोलू शकतील. कारण मनाला शांत करणारे शब्द परक्या भाषेत रुजत नाहीत. दुसरी, नोंदणीच्या खिडकीबाहेर रुग्णाशेजारी बसणारी एक मदतनीस व्यक्ती. तिसरी, सरावासाठी एक जुना संगणक, ज्यावर कोणाचीही खरी नोंद नसेल आणि कोणीही निर्धास्तपणे चुकू शकेल. देणगीदारांनी नवी यंत्रे दिली, त्याबद्दल संस्था त्यांची सदैव ऋणी आहे. त्या यंत्रांपर्यंत माणूस पोहोचावा, यासाठी हा लहानसा खर्च मी मागत आहे.

गळ्यातले गहाण ठेवणारी ती बाई मला पुन्हा भेटली नाही. माझ्या मनाच्या खातेवहीत ती नोंद आजही देणे बाजूला उभी आहे. ती रक्कम तिला परत करणे मला शक्य झाले नाही; निदान दुसऱ्या कोणावर तशी रात्र येऊ नये, यासाठी आपले साहाय्य मागतो.