‘मी तुमच्यासोबतच आहे, पण…’

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘सत्तेतला नेता आणि त्याचा पक्ष’. संयोजकांना धाकधूक होती की मी ताजी नावं घेईन आणि उद्या सकाळी त्यांचे फोन वाजतील. त्यांनी निश्चिंत बसावं. मी तुम्हाला 1990 सालच्या लंडनला नेणार आहे. परतताना वाटेत मंत्रालय लागेल, तेवढं चालवून घ्या.

त्या नोव्हेंबरात मी एका मराठी दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. महिनाच पडापडीचा. 7 तारखेला विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार लोकसभेत पडलं आणि 10 तारखेला चंद्रशेखरांचा शपथविधी झाला. 20 तारखेला मध्यरात्र उलटली आणि टेलिप्रिंटर खडखडला : मार्गारेट थॅचर 204, मायकेल हेसेल्टाइन 152. पान सोडायची घाई होती. मी मथळा दिला, ‘थॅचर विजयी’. दोनच दिवसांनी त्या बाईंनी पंतप्रधानपद सोडत असल्याचं जाहीर केलं. वृत्तसंपादकांनी तो जुना अंक माझ्या टेबलावर आणून ठेवला. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

204 मतं मिळवणारा माणूस 152 वाल्यासमोर हरतो कसा, हे मी त्यानंतर बसून वाचून काढलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मथळ्याची दुरुस्ती आहे, असं समजा. छापायला जरा उशीर झालाय.

हुजूर पक्षाचे तेव्हा 372 खासदार होते आणि नेता तेच निवडत. पहिल्या फेरीत जिंकायला नुसतं बहुमत पुरत नसे. एकूण मतदारांच्या 15 टक्के इतकी आघाडीही लागे, म्हणजे 56 मतांची. बाईंची आघाडी होती 52. चार कमी. 16 जणांनी दोघांनाही मत दिलं नव्हतं. पण ते सोळा सोडा. हेसेल्टाइनकडच्या फक्त दोघांनी मत बदललं असतं तर 206 विरुद्ध 150 झालं असतं, बरोबर 56. अकरा वर्षं देश हाकणारी, लागोपाठ तीन निवडणुका जिंकलेली बाई दोन माणसांनी अडली.

हा नियम आला कुठून? 1965 पूर्वी त्या पक्षात मतदान नव्हतंच. चारदोन बडी मंडळी आपसांत बोलत आणि नेता ठरत असे. मग मतदान आलं, आणि पुढं दरवर्षी नेत्याला आव्हान देण्याची सोय झाली. त्या सोयीचा पहिला लाभ कुणी घेतला? खुद्द थॅचरबाईंनी. 4 फेब्रुवारी 1975 रोजी त्यांनी एडवर्ड हीथना 130 विरुद्ध 119 असं मागं टाकलं आणि हीथ बाजूला झाले. तेव्हा त्या दाराची कडी बाहेरून कशी निघते, हे बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही मतदानाच्या दिवशी त्या पॅरिसला, युरोपच्या सुरक्षाविषयक शिखर परिषदेत होत्या. शीतयुद्ध संपल्याचा समारंभ चालला होता आणि घरी मतं मोजली जात होती. बरं, इशारा आधीच मिळाला होता. आदल्या डिसेंबरात अँथनी मेयर नावाचे, फारसं कुणी ओळखत नसलेले खासदार त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. मेयरना 33 मतं पडली, बाईंना 314. सगळे हसले. पण बाईंना मत न देणारे एकूण साठ निघाले होते.

हे साठ वर्षभरात दीडशेवर कसे गेले? पहिलं कारण खिशातलं. स्थानिक कर आपल्या घरपट्टीसारखा घराच्या किमतीवर होता, तो काढून बाईंनी माणशी कर लावला. त्याला मी डोईपट्टी म्हणतो, जुना शब्द आहे, चपखल बसतो. एका नगरपालिकेच्या हद्दीत वाड्यातल्या सरदाराला जेवढा, तेवढाच त्याच्या गाडीवानाला. गरिबांना सवलत होती, पण तत्त्व तेच. 1989 मध्ये स्कॉटलंडला, 1990 मध्ये इंग्लंड-वेल्सला. 31 मार्च 1990 रोजी ट्रफाल्गर चौकात दंगल उसळली. ऑक्टोबरात ईस्टबर्नची पोटनिवडणूक आली. आयरिश दहशतवाद्यांनी बॉम्बनं मारलेल्या आपल्याच खासदाराची, जवळपास 17 हजारांच्या मताधिक्याची जागा. सहानुभूती धरूनही ती गेली. आता मंडळी, हजार-दोन हजारांनी निवडून आलेल्या खासदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तत्त्वज्ञान बाजूला राहतं. तो रात्री उठून आपल्या मतदारसंघाचे आकडे मांडत बसतो.

दुसरं कारण युरोप. त्याच्या तपशिलात शिरलो तर आपल्याला इथंच उजाडेल. ब्रिटननं युरोपच्या सामायिक चलनाकडे किती सरकायचं, यावर बाई आणि त्यांचे ज्येष्ठ मंत्री यांचं जमेना, एवढं पुरे. अर्थमंत्री नायजेल लॉसन 1989 मध्येच गेले होते. आणि इथं येतो माझा आवडता माणूस, सर जेफ्री हाऊ.

हाऊ म्हणजे बाईंच्या 1979 च्या मंत्रिमंडळातला टिकून राहिलेला शेवटचा माणूस. आधी अर्थमंत्री, मग सहा वर्षं परराष्ट्रमंत्री. बोलायला इतके मवाळ की त्यांनी केलेली टीका म्हणजे मेलेल्या मेंढीचा हल्ला, अशी थट्टा मजूर पक्षाच्या डेनिस हीली यांनी केली होती. जुलै 1989 मध्ये बाईंनी त्यांचं परराष्ट्र खातं काढून घेतलं, त्याबरोबर वापरायला मिळालेला खेड्यातला बंगलाही गेला. बदल्यात उपपंतप्रधान ही पदवी. आपल्याकडे या प्रकाराला ‘सन्मानपूर्वक पुनर्वसन’ म्हणतात. वर चारचौघांत टोचून बोलणं चालूच. 30 ऑक्टोबर 1990 रोजी बाई संसदेत युरोपच्या प्रस्तावांना तीन वेळा ‘नाही’ म्हणाल्या, आणि 1 नोव्हेंबरला हाऊ यांनी राजीनामा दिला.

13 तारखेला ते मागच्या बाकावरून बोलायला उठले. आवाज नेहमीचाच, खालच्या पट्टीतला. वीसेक मिनिटं बोलले असतील. वाटाघाटींना जाणाऱ्या आपल्या मंत्र्यांची अवस्था सांगताना त्यांनी क्रिकेटचा दाखला दिला : सलामीच्या फलंदाजांनी खेळपट्टीवर जावं, पहिले चेंडू यावेत, आणि तेव्हा त्यांना कळावं की आपल्याच कप्तानानं सामन्याआधी बॅटी मोडून ठेवल्या आहेत. सभागृहात हशा पिकला. बाई बाकावर ताठ बसून राहिल्या. शेवटी हाऊ म्हणाले त्याचा आशय असा : निष्ठांच्या या ओढाताणीत मी बहुधा गरजेपेक्षा जास्त काळ राहिलो, आता इतरांनी आपापला विचार करावा. दुसऱ्या दिवशी हेसेल्टाइन उभे राहिले. ते 1986 मध्येच चालू बैठकीतून उठून मंत्रिमंडळ सोडून गेलेले. उघडं वैर, त्यामुळे त्यांच्यापासून धोका त्या मानानं कमी होता. हाऊ यांच्या निष्ठेवर मात्र कुणाला शंका घेता येत नव्हती. म्हणून ते भाषण लागलं.

पॅरिसच्या वकिलातीत आकडा कळल्यावर बाई बाहेर येऊन म्हणाल्या, दुसऱ्या फेरीत उभी राहणार. 21 तारखेला लंडनला परतल्यावरही तेच. मग त्या संध्याकाळी संसदेतल्या आपल्या खोलीत त्यांनी मंत्र्यांना एकेकट्याला बोलावलं.

मला विचाराल तर बाई तिथं हरल्या. सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं असतं तर एकमेकांच्या देखत कोण ‘जा’ म्हणाला असता? एकेकटा आत आला आणि बहुतेकांनी थोड्याफार फरकानं एकच वाक्य म्हटलं : मी तुमच्यासोबतच आहे, पण तुम्ही निवडून येणार नाही. केनेथ क्लार्क यांनी आडपडदा ठेवला नाही. सेसिल पार्किन्सन, केनेथ बेकर असे थोडे ‘लढा’ म्हणणारेही होते. बाकी सगळा कारभार त्या ‘पण’वर चालला. या ‘पण’ची सोय पाहा. बोलणारा निष्ठावंत राहतो, मारेकरी होत नाही, आणि निरोप तर पोचतो. पुढं बाईंनी या प्रकाराला हसऱ्या चेहऱ्याची दगाबाजी म्हटलं. मला ते पुरतं पटत नाही. त्यांतल्या काहींचं दुःख खरं असणार. खरं दुःख असलेला माणूसही आकडे मोजतोच.

अर्थमंत्री जॉन मेजर या सगळ्यात नव्हते. बाईंच्या अर्जावर अनुमोदक म्हणून त्यांचंच नाव होतं, आणि ते गावी घरी पडून होते. अक्कलदाढेची शस्त्रक्रिया झाली होती. माणसाची अक्कलदाढ इतक्या नेमक्या आठवड्यात काढली जाण्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

22 तारखेला सकाळी मंत्रिमंडळापुढं राजीनाम्याचं निवेदन. त्याच दुपारी विरोधकांच्या अविश्वास ठरावावर बाई अशा काही बोलल्या की सकाळी ज्यांना हायसं वाटलं होतं, तेच खासदार बाकं दणाणून सोडत होते.

आता परतीची वाट. 1980 ते 1988 या आठ वर्षांत महाराष्ट्रानं अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे सहा मुख्यमंत्री पाहिले. कारणं वेगवेगळी, अंतुले आणि निलंगेकर यांच्या मागं तर न्यायालयीन प्रकरणं होती. पण जागा भरायची रीत एकच. दिल्लीहून निरीक्षक यायचे, विधिमंडळ पक्षाची बैठक भरायची आणि एका ओळीचा ठराव व्हायचा : नेतानिवडीचे सर्व अधिकार श्रेष्ठींना. त्या ओळीत 204 नाही, 152 नाही, नाराज सोळाही नाहीत. आमदारांत नाराजी नव्हती असं नाही. भरपूर होती. पण ती बोलायची जागा मुंबईत नव्हती, म्हणून ती राजधानी एक्स्प्रेसनं जायची. जानेवारी 1991 मध्ये, म्हणजे थॅचरबाई गेल्यावर दोनच महिन्यांत, पवारांच्या मंत्रिमंडळातल्या काही वजनदार मंत्र्यांनी नेतृत्वबदलाची मागणी केली. ते बंड निवलं आणि पवार राहिले. माझ्या पिढीच्या पत्रकारांनी त्या दिवसांत आमदारांची डोकी मोजली, तीही बंगल्यांबाहेर उभ्या गाड्यांवरून.

कुणी म्हणेल, पक्षांतरबंदी कायद्यामुळे आमदार तोंड उघडत नाहीत. 1985 चा तो कायदा सभागृहातल्या मतदानाला आणि पक्ष सोडण्याला लागतो. पक्षाच्या बैठकीत गुप्त मतदानानं नेता बदलायला तो कुठं आड येतो? अशी बैठकच होत नाही, ही खरी अडचण. मग नेता बदलायला निघालेले आमदार परराज्यातल्या हॉटेलात जाऊन राहतात. हॉटेलांची नावं मी घेत नाही, माझ्यापेक्षा तुम्हाला ती चांगली ठाऊक आहेत.

ब्रिटनचं सगळं आलबेल आहे, असंही समजू नका. 1998 मध्ये नियम बदलले : 15 टक्के खासदारांनी पत्रं दिली की विश्वासमत, नवा नेता मात्र पक्षाचे सदस्य निवडणार. थेरेसा मे 2018 मध्ये 200 विरुद्ध 117 नं जिंकल्या आणि पुढच्या वर्षी गेल्या. बोरिस जॉन्सन जून 2022 मध्ये 211 विरुद्ध 148 नं जिंकले आणि महिन्याभरात त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. जिंकण्याचे हे आकडे पाहिले की मला माझा मथळा आठवतो आणि जरा बरं वाटतं.

मेजर यांचं सांगतो आणि बसतो, अध्यक्ष घड्याळ पाहतायत. दुसऱ्या फेरीत त्यांना 185, हेसेल्टाइनना 131, परराष्ट्रमंत्री डग्लस हर्डना 56. बहुमताला दोन कमी, पण बाकीचे दोघे बाजूला झाले. हेसेल्टाइनना मंत्रिपद मिळालं आणि डोईपट्टी मोडीत काढायचं काम त्यांच्याकडेच आलं. 1992 ची निवडणूक मेजर यांनी जिंकली, म्हणजे रात्री आकडे मांडणाऱ्या खासदारांचा हिशेब बरोबर निघाला. मग युरोपवरून त्यांच्याही मागं तीच कुरबुर लागली. जून 1995 मध्ये वैतागून त्यांनी स्वतःच पक्षनेतेपद सोडलं आणि विरोधकांना सांगितलं, या समोर. 218 विरुद्ध 89. वर्तमानपत्रांनी दणदणीत म्हटलं. मेजर यांनी नंतर लिहिलं की त्यांनी मनाशी 215 चा आकडा धरला होता, त्याच्या खाली आले असते तर त्या दिवशीच घरी गेले असते. तीन मतं जास्त मिळाली.