गावागावांची घरपट्टी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कवीला बोलायला बोलवावे आणि त्याने घरपट्टीचा विषय काढावा, म्हणजे आपला हात रेडिओच्या बटणाकडे जाणार, हे मला ठाऊक आहे. पण या विषयाकडे मी शब्दांच्याच वाटेने आलो. मी यवतचा. आमच्याकडे ग्रामपंचायतीची येते ती घरपट्टी. माझी मुलगी हडपसरला राहते. सोलापूर रस्त्याने तासाभराचे अंतर, पण तिच्या दाराशी हाच कर ‘मिळकतकर’ होऊन येतो. माझे मेहुणे मुंबईत, कुर्ल्याला. तिथे तो ‘मालमत्ता कर’. घरपट्टीत निदान घर तरी आहे. मालमत्ता म्हटले की दोन खोल्यांच्या धन्यालाही उगाच सावकार झाल्यासारखे वाटते.

नाव बदलते तसा आकडाही बदलतो. घर बांधताना विटा सारख्या, सिमेंटचे पोते त्याच कंपनीचे, गवंडीसुद्धा कधी कधी तोच. मग कर वेगळा का? याचे साधे उत्तर असे, की घरावरचा कर राज्य शासन गोळा करत नाही. तो त्या त्या ठिकाणची स्थानिक संस्था घेते. यवतसारख्या गावात ग्रामपंचायत, १९५८च्या अधिनियमाने. दौंड किंवा शिरूर शहरात नगरपरिषद, तिचा कायदा १९६५चा. पुण्यात महापालिका. आणि पुण्यातच लष्कर भागात गेलात तर कटकमंडळ, त्याचा कायदा थेट केंद्राचा. एकाच जिल्ह्यात इतके हात आणि प्रत्येकाची मोजपट्टी निराळी.

आमची पावती मला वाचायला आवडते. तिच्यात घरकर असतो, आरोग्य कर असतो, पाणीपट्टी असते आणि ‘दिवाबत्ती कर’ असतो. एलईडीचे दिवे आले तरी कागदावर अजून वात जळते आहे! मुलीच्या बिलात सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, जललाभ कर, जलनिस्सारण लाभ कर, वृक्ष कर अशी लांबलचक वरात असते. शहराची घरपट्टी मोठी दिसते ती काही अंशी या वरातीमुळे. आमच्या गावाला स्वतःचे अग्निशमन दल नाही, तर त्याचा कर कुठून असणार?

आता मोजपट्टीचे. ग्रामपंचायती १९९९पासून घराच्या क्षेत्रफळावर कर आकारत होत्या. इतके चौरस फूट, इतके पैसे. त्यावर वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१५च्या अखेरीस नवे नियम आले. आता कर भांडवली मूल्यावर. म्हणजे घराखालच्या जमिनीचा सरकारी दर आणि बांधकामाचा दर धरून घराची किंमत काढायची आणि तिच्यावर हजारी काही पैसे किंवा रुपये लावायचे. मातीच्या घराला कमी, आरसीसीला जास्त. शासनाने किमान आणि कमाल दर आखून दिले आहेत. मधला कोणता घ्यायचा ते पंचायतीने ठरवायचे. समजा, एका गावाने हजारी सव्वा रुपया घेतला आणि शिवेपलीकडच्या गावाने दोन रुपये. आठ लाखांच्या घराला इकडे १,००० रुपये आणि तिकडे १,६००. दोन्ही गावे नियमातच आहेत.

या सूत्रात एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागून राहिली आहे. घर जुने झाले की बांधकामाच्या किमतीतून घसारा वजा होतो. भिंत म्हातारी होते हे सरकारला मान्य आहे. पण भिंतीखालच्या जमिनीला घसारा नाही. ती दिवसेंदिवस तरुणच होत जाते. महामार्गालगतच्या गावांत इमारती उठल्या, की जमिनीचे दर चढतात. गावठाणातल्या विटा-मातीच्या घरात एकटी राहणारी बाई काही त्या इमारतीत राहायला जात नाही. तिच्या घरात नवी खिडकी नाही, नवा पत्रा नाही. तरी तिच्या घराची किंमत वाढली असे कागद म्हणतो. घर विकायचेच नसेल, तर ही वाढलेली किंमत तिने कोणत्या डब्यात ठेवावी?

पुण्याची तऱ्हा वेगळी. तिथे घराला भाडे किती आले असते याचा अंदाज करून वार्षिक करपात्र रक्कम ठरते. स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्याला १९७०पासून ४० टक्के सवलत होती. मधल्या काळात लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, २०१८मध्ये सवलत गेली, २०२३मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा दिली. मुलीने ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरला, सोबत आपण इथेच राहतो याचे पुरावे जोडले. आपण आपल्या घरात राहतो हे सिद्ध करावे लागते, याचे मला हसू आले. तिला नाही आले.

आणि मुंबई? तिथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२पासून मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. मेहुण्यांच्या दोन खोल्या विकल्या तर आमच्या आळीतली अर्धी घरे येतील, पण त्यांना कर शून्य आणि आळीला पावती. मला हे अन्यायाचे वाटत नाही, विचित्र मात्र वाटते. मुंबई महापालिकेला ही माफी परवडते, कारण तिचे उत्पन्नाचे इतर मार्ग रुंद आहेत. जकात गेल्यावर तिला राज्याकडून भरपाईही मिळते. आमच्या पंचायतीच्या हातात स्वतःचे म्हणावे असे घरपट्टी-पाणीपट्टीखेरीज फार काही नाही. आमच्या भागातसुद्धा रांजणगाव, कुरकुंभकडे जिथे औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या गावांना कारखान्यांच्या कराचा आधार मिळतो. ज्या गावाच्या शिवारात नुसता ऊस आहे, त्याने काय करावे?

कमी कर म्हणजे सुख, असे मानणाऱ्यांना मी फुरसुंगीचे उदाहरण देतो, आणि जास्त कर म्हणजे सोयी, असे मानणाऱ्यांनाही तेच देतो. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे ऑक्टोबर २०१७मध्ये इतर ९ गावांबरोबर पुणे महापालिकेत गेली. पुण्याचा कचरा त्याआधी कितीतरी वर्षे त्यांच्याच शिवारात पडत होता. आता शहराचा करही आला. गावकऱ्यांची तक्रार होती, की कर शहराचा आणि पाणी टँकरचे. अखेर डिसेंबर २०२२मध्ये ही दोन गावे वगळायचे ठरले आणि सप्टेंबर २०२४मध्ये अंतिम अधिसूचना निघून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. माणूस आपल्या कराची तुलना दुसऱ्याच्या कराशी फारशी करत नाही. तो ती आपल्या नळाशी करतो. नळाला पाणी असले तर चार पैसे जास्त गेल्याचे दुःख तो दोन दिवसांत विसरतो.

आमच्या गावाच्या तोंडावर मी हे बोलू शकतो, कारण मी इथलाच आहे. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते, तेव्हा घराघरांतून पिठले-भाकरी निघते. त्या दिवशी कोणी हिशेब विचारत नाही. तेच हात घरपट्टीची पावती आली की खिशात जायला कुरकुरतात. थकबाकीदाराला पंचायतीचा सदस्य होता येत नाही, म्हणून निवडणूक लागली की वर्षानुवर्षांची बाकी एका दिवसात भरणारे दानशूर मी पाहिले आहेत. पंचवार्षिक निवडणूक दरवर्षी घ्यावी, वसुली शंभर टक्के होईल.

दर चार वर्षांनी करआकारणीची यादी नव्याने होते. ती आधी लोकांपुढे ठेवतात, हरकती मागवतात. यादीत घर कोणत्या प्रकारात लिहिले आहे, विटा-मातीचे की पक्के, एवढे पाहिले तरी पुष्कळ. पण यादी वाचायला जाते कोण? महामार्गाकडच्या नव्या इमारतींतली माणसे पुण्याच्या गाडीला निघालेली असतात आणि गावठाणातल्या म्हाताऱ्यांना अक्षर दिसत नाही. शेजारच्या मावशी मला म्हणाल्या, “भाई, माझी भिंत मातीचीच हाय, वरून नुसता सिमेंटचा हात फिरवलाय. तेवढं ग्रामसभेत तुम्हीच बोला.” मी म्हटले, “मावशी, हरकतीचा अर्ज मी लिहून देतो. पण उभं राहून बोलायचं तुम्ही.” त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत. अर्ज मात्र मी लिहून ठेवला आहे, सही करायची जागा मोकळी सोडून.