बीम घराण्याचे पार्कर



वसंत व्याख्यानमालेत दारू गाळणाऱ्या गृहस्थाची आठवण जागवण्यास आम्ही उभे राहिलो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या काही भुवया वर गेल्या, हे आम्ही पाहिले. ज्यांना दारू वर्ज्य आहे त्यांनी ती खुशाल वर्ज्यच ठेवावी. आम्हांस बोलायचे आहे ते प्याल्याविषयी नव्हे, एका घराण्याच्या हुन्नराविषयी.

अमेरिकेच्या केंटकी राज्यात बार्ड्सटाऊन म्हणून गाव आहे. तेथील 'हेवन हिल' या कारखान्यात १९६० साली पार्कर बीम नावाचा अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण कामाला लागला. वडील अर्ल बीम तेथेच दारूचे मुख्य उस्ताद होते. आजोबा पार्क हे जगप्रसिद्ध जिम बीम यांचे सख्खे बंधू. आणि घराण्याचा मूळपुरुष जेकब याने १७९५ साली पहिले पिंप विकले, असे सांगतात. १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे अमेरिकेत दारूबंदी होती. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा ज्यांना आठवतो, त्यांस त्या काळाची कल्पना सहज येईल. भट्ट्या विझल्या, पण विद्या विझली नाही. बंदी उठली तेव्हा सत्तरीला टेकलेले जिम बीम पुन्हा भट्टी उभारायला निघाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हेवन हिल ही बीमांची मालमत्ता नव्हे. मालक शपिरा कुटुंब. बीम हे पगारी नोकर. तरीही १९३५ पासून कित्येक दशके तेथली दारू बीमांच्याच हातची होती. मालकी एका घराची, वारसा दुसऱ्या घराचा! आमच्याकडील संस्थानिक आणि त्यांच्या पदरचे गवई आठवावे.

हा वारसा कशात असतो? बर्बन म्हणवण्यासाठी धान्यात निदान ५१ टक्के मका हवा, आणि आतून जाळून कोळसा केलेले ओकचे कोरे पिंप हवे. हे कायद्याने ठरले आहे. उरलेले उस्तादाच्या हाती. आदल्या घाण्यातला आंबट चोथा-पाणी नव्या घाण्यात घालतात. आपल्या घरोघरच्या विरजणाचीच ही रीत. मग पिंपे गोदामात चढतात. उन्हाळ्यात दारू लाकडात शिरते, हिवाळ्यात बाहेर येते, रंग आणि वास घेऊन येते. दरसाल थोडी हवेत उडून जाते. तिला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. (देवदूतही रसिक दिसतात!) हे आठ-आठ, दहा-दहा वर्षे चालते. आज भरलेले पिंप उघडताना भरणारा असेलच, असे नाही.

पार्कर १९७५ साली मुख्य उस्ताद झाले. पुढे मुलगा क्रेगही त्यांच्या हाताखाली तयार झाला. आणि ७ नोव्हेंबर १९९६ रोजी कारखान्याला आग लागली. वारा सोसाट्याचा. पेटलेली दारू उतारावरून ओढ्यासारखी वाहिली. सात गोदामे, सुमारे नव्वद हजार पिंपे आणि खुद्द भट्टी खाक झाली. जीवितहानी झाली नाही, एवढेच समाधान. जळाली ती नुसती इमारत असती तर वर्षभरात उभी राहती; जळाली ती साठवलेली वर्षे. तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनीच हेवन हिलला आपल्या भट्ट्या वापरू दिल्या. जिम बीमची कंपनी त्यांत होती. १९९९ साली लुइव्हिल शहरातला बर्नहाइम कारखाना विकत घेतला गेला, आणि परक्या यंत्रांवर जुनी चव उतरवण्याची कामगिरी बापलेकांच्या गळ्यात पडली. आमच्या मते पार्करांची खरी परीक्षा हीच. नावाजलेल्या बाटल्या आम्ही दुय्यम मानतो.

२०१० साली त्यांना एएलएस या रोगाने गाठले. मज्जापेशी झिजतात, स्नायू एकेक करून निकामी होतात, आणि त्याला उतारा नाही. २०१३ साली त्यांच्या नावाच्या मालिकेत 'प्रॉमिस ऑफ होप' ही बर्बन निघाली. दर बाटलीमागे वीस डॉलर या रोगाच्या कार्याला जात. ती दारू दहा वर्षांची होती. पिंपात भरली तेव्हा पार्करांचे हातपाय धड होते, आणि त्या पिंपातून पुढे काय साधायचे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

जानेवारी २०१७ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, ते वारले. २००७ साली सुरू झालेली ती मालिका त्यांच्यामागेही दरसाल निघत राहिली.