फिर्यादीपासून दोषारोपपत्रापर्यंत



आमचे शाळेचे शिक्षण सातवीत संपले. पुढचे सारे कामगारांच्या खटल्यांचे कागद वाचता वाचता झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आमच्याकडून ठेवू नये.

“पोलिसांनी काही केले नाही,” असे आपण सारेच म्हणतो. पण बाईचा पाठलाग होतो, ती ठाण्यात जाते, तेथून खटला उभा राहीपर्यंत पोलिसांनी काय करावयाचे असते आणि त्यात आपला वाटा किती, एवढेच आज बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी एक विडी कामगार बाई आमच्या कचेरीत आली. कारखान्यात माल देऊन परतताना एक इसम मागे येतो, नको म्हटले तरी बोलू पाहतो. ठाण्यात अंमलदाराने विचारले, “कधी? कोणी पाहिले?” ती म्हणाली, “नेहमीच.” अदखलपात्र नोंदीचा कागद घेऊन ती परत आली. आम्ही आधी संतापलो. मग शांतपणे विचारू लागलो, तेव्हा ती म्हणाली, “भाऊ, तारखा कशा ध्यानात राहतील?” तिचे माल दिल्याचे पुस्तक मागविले. कोणत्या दिवशी विड्या छाटात गेल्या, कोणत्या दिवशी उशीर झाला, त्यावरून एकेक प्रसंग तिला आठवत गेला. पाच तारखा आणि सोबतच्या दोघींची नावे निघाली. ते घेऊन गेलो तेव्हा दखलपात्र गुन्हा नोंदला गेला.

तारखांना एवढे महत्त्व का, ते कायद्यातच आहे. पाठलागाचा स्वतंत्र गुन्हा २०१३ साली दंडसंहितेत आला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात आहे. बाईने नको असल्याचे स्पष्ट दाखविले आणि तरीही तो वारंवार मागे लागला, या दोन गोष्टी तपासात सिद्ध व्हाव्या लागतात. ‘नेहमीच’ या शब्दावर त्या सिद्ध होत नाहीत.

फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ती स्त्री अधिकाऱ्याने लिहून घ्यावयाची आणि तिची प्रत फुकट द्यावयाची. अशा गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. मात्र चौकशीच्या नावाखाली महिनोन् महिने बसविता येत नाही. फिर्याद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा; तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. पुढे स्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, फोनच्या नोंदी, दुकानावरच्या कॅमेऱ्यातील चित्रे ही कामे होतात. म्हणून घाणेरडा निरोप आला तर रागाने पुसून टाकू नका. बाईचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेही नोंदवावयाचा असतो.

पहिल्या वेळचा हा गुन्हा जामीनपात्र आहे. आरोपी संध्याकाळी घरी दिसला की गाव म्हणते, पैसे चारले. तसे असेलच असे नाही. तपास चालूच असतो. नव्वद दिवसांत त्याची प्रगती फिर्यादीस कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. शेवटी दोषारोपपत्र जाते किंवा समरी. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी वा पुरावा मिळाला नाही. ‘ब’ म्हणजे खोटी फिर्याद. ‘क’ म्हणजे गैरसमज. समरीविरुद्ध फिर्यादीस न्यायालयात हरकत घेता येते. आणि तारखा निर्दोषालाही तारतात. त्या वेळी जो पाळीवर होता, त्याला हजेरीपट वाचवितो.

आता जड गोष्ट. आपल्याच तालुक्यात, कोपर्डीत, १३ जुलै २०१६ रोजी एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. आधी तिची छेड काढली गेली होती, हेही सरकार पक्षाने न्यायालयापुढे मांडले. साक्षीदार उभे राहिले, परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी जुळली आणि २९ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच महिन्यात, त्याच नगरात, शेजारच्या जामखेड तालुक्यातील खर्ड्याच्या खटल्याचा निकाल लागला. २०१४ साली तेथे एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला होता. साक्षीदार फितूर झाले, आरोपी सुटले. दोन्ही लेकरे आपल्याच मुलखातली. एकाच्या मागे साक्ष उभी राहिली, दुसऱ्याच्या मागे राहिली नाही.

हे बोलताना आम्हांस आमचीच लाज वाटते. त्या विडी कामगार बाईच्या दोन सोबतिणींपैकी एकीनेच जबाब दिला. दुसरीला घरच्यांनी अडविले. तीही आमच्या संघटनेची सभासद होती. मोर्चाला ती दर वेळी येई. ठाण्याच्या पायरीपर्यंत मात्र आम्ही तिला नेऊ शकलो नाही. दोषारोपपत्र गेले, पण एका साक्षीवर.

तेव्हा पोलिसांकडे हक्काने जाब मागा, तो मागावाच लागतो. पण उद्या एस. टी. स्टँडवर एखाद्या मुलीमागे कोणी लागलेला दिसला, तर तारीख, वेळ लक्षात ठेवा आणि तिला म्हणा, “बाळ, मी पाहिले आहे. मी सांगेन.” छेड काढली जाते तेव्हाच हे म्हणणारे कोणी निघाले, तर पुढच्या पुष्कळ गोष्टी टळतील.